उलट्या आट्याची वाटी

ऋजुतानं पाना फरशीवर आपटला आणि सायकलीला एक शिवी हासडली. सासरच्या अंगणात, तेही ऐन नवरात्रात, सुनेच्या तोंडी शोभेल अशी ती नव्हती. शिवी अस्सल नाशिकची होती, तेव्हा मद्रासजवळच्या तांबरमच्या त्या गल्लीत ती कुणाला कळण्याची भीती नव्हती. पण समोर खुर्चीत बसून सायकलीची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवणारे तिचे सासरे नागोजीराव मराठीच होते. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि तिथलेच होऊन गेले. त्यांच्या जुन्या मराठीत ही शिवी नसावी, पण सूर कुठल्याही मराठीत कळतो. त्यांनी चौकट तेवढी आणखी घट्ट धरली.

"एका तासाचं काम आहे, अप्पा," असं ती शनिवारी सकाळी म्हणाली होती. आता रविवारची दुपार कलली होती.

तसं म्हणण्यात तिची घमेंड नव्हती. मोटारींच्या कारखान्यात ती ब्रेकच्या विभागात इंजिनिअर होती. कुठला नट किती ताकदीनं आवळायचा हे ठरवण्याचा तिला पगार मिळत होता. पण आवळणं निराळं आणि सोडवणं निराळं. कारखान्यात सगळं नवं कोरं येतं आणि आवळलं जाऊन बाहेर पडतं. पुढे वीस वर्षांनी ते सोडवताना कुणाच्या नाकी नऊ येतात, हे बघायला कारखान्यातलं कुणी जात नाही.

घोडं अडलं होतं सायकलीच्या अगदी तळाशी. दोन्ही पेडलं ज्या आसावर फिरतात, तो आस चौकटीच्या बुडाशी एका आडव्या नळकांड्यात बसलेला असतो. दुकानदार त्याला बीबी म्हणतात. नळकांड्याच्या दोन्ही तोंडांना आट्यांच्या दोन लोखंडी वाट्या, वाट्यांत छर्रे आणि मधून आस. एवढाच सगळा संसार. नागोजीरावांच्या सायकलीत हा संसार गंजून एकजीव झाला होता. पेडल दाबलं तर सायकल जागची हलायची नाही, उलट आडवी पडायची.

डावी वाटी शनिवारी संध्याकाळी निघाली. डिझेलमध्ये भिजवून भिजवून, दिवसभर हातोडीनं ठोकून, शेवटी छिन्नीनं कडा खाऊन निघाली. आस ठोकून बाहेर काढला. उजवी वाटी मात्र ढिम्म. ती उलट्या आट्यांची असते, म्हणजे सोडवायची तर आवळायच्या दिशेनं फिरवावी लागते. ऋजुताला हे माहीत होतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला माहीत नव्हतं किंवा तो घाईत होता. मागच्या वर्षी त्यानं ती सुलट्या दिशेनं पिळून पिळून तिच्या कडा गोल केल्या होत्या आणि मग सायकल कापून विका म्हणून सांगितलं होतं. आता पाना त्या वाटीवर धरला की घसरायचा आणि ऋजुताच्या बोटांची सालं काढायचा. चार बोटांना पट्ट्या लागल्या होत्या.

"राहूं दे," नागोजीराव म्हणाले. "नाही निघाली तर नाही."

पण त्यांचे हात चौकटीवरून निघत नव्हते, आणि ऋजुता त्या हातांकडे बघत होती.

नागोजीराव रेल्वेत गार्ड होते. घरापासून तांबरम स्टेशनापर्यंत सगळी नोकरी त्यांनी याच सायकलीवर केली. निवृत्त झाल्यावर बँकेत, वाचनालयात, कुठेही जायचं तर सायकल. मग एक दिवस ती गच्च झाली आणि पडवीत उभी राहिली ती राहिलीच. आता घर बिल्डरकडे गेलं होतं आणि विजयादशमीच्या सकाळी सगळ्यांना वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. ट्रक सांगून झाला होता, नव्या चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचा मुहूर्त काढून झाला होता. अडचण एकच होती. तिथल्या सोसायटीनं नियमावली पाठवली होती, आणि तीत लिहिलं होतं की पार्किंगमध्ये बंद पडलेलं कुठलंही वाहन ठेवता येणार नाही. ऋजुताचा नवरा रणवीर नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून सेक्रेटरीशी दोनदा बोलला. सेक्रेटरी म्हणाला, चालू असेल तर आणा, नाहीतर आणू नका. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सायकल ठेवायला जागा नव्हती. म्हणजे विजयादशमीपर्यंत ती चालली तर वेलचेरीला, नाही चालली तर भंगारात.

हे सगळं जेवताना बोलून झालं तेव्हा नागोजीरावांनी मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी ते सुनेपाशी आले. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि तोवर त्यांनी तिच्याकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ऋजुता, तुज जमेल-आ?" प्रश्नाला शेवटी तमिळ 'आ' जोडायची या घराची रीत होती. त्या एका 'आ'साठी ऋजुतानं शनिवार-रविवार दिला होता.

पण खरं दुखणं जागेचं नव्हतं. ते सासूबाईंच्या तोंडात होतं.

विजयालक्ष्मीअम्मांचं म्हणणं असं की सायकल नवऱ्याच्या आळसानं मेली. बायकोकडे आणि सायकलीकडे ह्यांनी कधी वळून बघितलं नाही, दोघींना तेलपाणी नाही. हे वाक्य त्या पाहुण्यांसमोर म्हणत, शेजारच्या जयंतीमामींसमोर म्हणत आणि कुणी नसेल तर भिंतीला ऐकवत. त्यावर नागोजीरावांचं ठरलेलं उत्तर असे, "दर आदितवारी घालत होतों." बीबीच्या वर तेलाचं एक बारीक भोक असतं, त्यातून दर रविवारी पळीभर तेल. अम्मा नाक उडवायच्या. तेल घातलं असतं तर गंजली असती काय, हा त्यांचा सवाल, आणि गंज तर सगळ्यांना दिसत होता. ऋजुताला कळून चुकलं होतं की सायकल भंगारात गेली तर आरोप मात्र वेलचेरीला येणार, त्याला पार्किंगही लागणार नाही.

म्हणून ती परत खाली बसली. वाटी निघत नव्हती तर निदान नळकांडं साफ करावं, या विचारानं तिनं स्क्रू ड्रायव्हर आत खुपसला. आत काळ्या-तांबड्या मातीचा गच्च लगदा बसला होता, वाळून दगड झालेला. ती टोकरत राहिली आणि खपल्या निघत राहिल्या. गंज आत एवढा कसा साचला याचं तिला नवल वाटत होतं. मग एका खपलीत तिला तांदळाचे दाणे दिसले. काळे पडलेले, पण तांदूळच. त्याच्या मागोमाग एक लांब धागा निघाला, केळीच्या सोपाचा. मद्रासकडे मोगरा-जाईचे गजरे ज्यात ओवतात तसला.

"उंदीर," ऋजुता वैतागून म्हणाली. "घर केलं होतं बघा आत. म्हणून घाण साचली."

नागोजीरावांनी तो धागा हातात घेतला. बराच वेळ बोटांवर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "उंदीरच असेल," ते म्हणाले आणि धागा सदऱ्याच्या खिशात ठेवला. ऋजुताचं लक्ष वाटीवर होतं. म्हाताऱ्या माणसांना काहीही जपून ठेवायची सवय असते, एवढंच तिच्या मनात आलं.

सोमवार-मंगळवार कारखान्यात तिचं चित्त नव्हतं. संध्याकाळी येऊन ती त्या वाटीवर एकेक उपाय करत राहिली. गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेल झालं. उकळतं पाणी झालं. बर्फ झाला. गॅसची बत्ती आणून तापवायचं ठरवलं तर नागोजीरावांनी प्रथमच नकार दिला, कारण बुडाच्या नळीवर हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा होत्या आणि त्या जळल्या असत्या. सायकल भंगारात जायला निघाली आहे आणि ह्यांना रेघांची पडली आहे, या विचारानं ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या रेघा खरंच सुंदर होत्या, तेव्हा बत्ती तिनं परत नेऊन दिली. रणवीर येता-जाता सल्ले देत होता. त्यानं फोनवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावून दाखवला. त्या माणसाची वाटी लोण्यात खोचल्यासारखी सहज निघाली. ऋजुतानं त्याला सांगितलं की फोन आत घेऊन जा, नाहीतर हातोडी फोनवर पडेल. तो मुकाट्यानं गेला.

त्यात अम्मांची पडवीतून ये-जा. नवरात्राचा कोलू, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या, मांडलेला, संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार, आणि दारातच डिझेलचा वास. सुनेनं कुंकवाच्या हातांनी हातोडी धरावी हे त्यांना पसंत नव्हतं, पण तसं त्या बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की ज्यानं वेळेवर तेल घातलं नाही त्यानं आता सुनेस कामाला लावलं. नागोजीराव त्यावर आपलं ठरलेलं वाक्यही बोलले नाहीत. ऋजुताला ते विचित्र वाटलं. रविवारपासून ते तेलाचं नावच काढत नव्हते. तिला वाटलं, म्हातारा खचला.

बुधवारी आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमीला असते तीच, पण इथला कायदा कडक. घरातली सगळी हत्यारं पूजेत मांडायची. विळी, कात्री, खोबऱ्याची किसणी, पेन, रणवीरचा लॅपटॉपसुद्धा. एकदा गंध लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुनःपूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर ट्रक येणार होता. म्हणजे जे करायचं ते बुधवारी पूजेआधी.

ऋजुताला उपाय सुचला होता तो मंगळवारी, घरी परतताना कारखान्याच्या बसमध्ये. वाटीला बाहेरून धरता येत नसेल तर आतून धरावं. एक जाडजूड बोल्ट नळकांड्याच्या आतून वाटीच्या भोकातून बाहेर काढायचा, दोन्ही अंगांना जाड वायसर, बाहेरून नट. मग तो नट आवळत जायचं. वाटी उलट्या आट्यांची, तेव्हा नट आवळायची दिशा हीच वाटी सोडवायची दिशा. नट आवळता आवळता पुढे सरकेनासा झाला की वाटीला त्याच्याबरोबर फिरावंच लागेल. इतकं साधं आपल्याला चार दिवस सुचू नये याचा तिला स्वतःवर राग आला. बोल्ट तिनं कारखान्यातून मागून आणला. नव्या वाट्या, आस आणि छर्रे रणवीरनं पॅरीज कॉर्नरमागच्या दुकानातून आधीच आणले होते.

बुधवारी सकाळी बोल्ट बसला. पान्याच्या दांड्यावर तिनं नळाचा हातभर पाइप चढवला, म्हणजे जोर जास्त लागावा. नागोजीराव एका बाजूनं, रणवीर दुसऱ्या बाजूनं चौकट धरून. नट आवळला, आणखी आवळला. पाइप वाकायच्या बेतात आला. वाटी जागची हलली नाही.

तेवढ्यात अम्मा बाहेर आल्या. सोवळ्याचं नऊवारी नेसलेलं, हातात गंधाची वाटी. पूजेची मांडणी झाली होती, फक्त पाना यायचा होता. राहुकाळ लागायच्या आत पूजा उरकायला हवी, तेव्हा पाना द्या, असं त्यांनी सांगितलं. ऋजुतानं अर्धा तास मागितला. अम्मा नाही म्हणाल्या. ऋजुतानं पुन्हा मागितला, आणि या वेळी तिच्या आवाजात मागण्यापेक्षा भांडणच जास्त होतं. चार दिवसांचा वैताग, सोललेली बोटं आणि आता हा मुहूर्त. ती म्हणाली की सायकलच राहिली नाही तर कसली आयुधपूजा, आणि इतकी वर्षं पूजा करून तरी सायकलीचं काय भलं झालं?

अम्मा थबकल्या. मग त्यांचा बांध फुटला.

"माझ्या पूजेस नावं ठेवूं नको. ह्यांनी टाकली तीस, मी नाही टाकली. दर वर्षी चामड्याची सीट काढून ठेवतें, सोवळ्यांत चामडं चालत नाही म्हणून. मग न्हाऊं घालतें, गंध लावतें. उघड्या नळीच्या तोंडांत अक्षता घालतें, फूल घालतें, तांब्याभर तीर्थ ओततें. जीव असलेल्या माणसास द्यावं तसं. ह्यांनी काय दिलं?"

ऋजुताचा हात पाइपवर तसाच राहिला.

सीट काढली की तिच्याखालची नळी उघडी. ती नळी सरळ उतरते ती बीबीत. वरून ओतलेला तांब्या तळाशी जाऊन बसतो आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट नाही. वर्षानुवर्षं. त्या पाण्यात अक्षता, त्यात गजऱ्याचा सोप. नागोजीराव दर रविवारी तेल घालत होते आणि बायको वर्षातून एकदा ते सगळं धुऊन काढून आत तळं करून ठेवत होती. उंदीर वगैरे काही नव्हता.

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. अम्मा, सायकल तुम्ही मारलीत. चारच शब्द, आणि इतक्या वर्षांचा निकाल लागला असता. म्हाताऱ्याची सुटका झाली असती, आणि खरं सांगायचं तर डिझेलच्या वासावरून ऐकलेल्या टोमण्यांचीही परतफेड झाली असती. तिनं नागोजीरावांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, इतकी थोडी की रणवीरलाही दिसली नाही. नको.

ऋजुतानं ते चार शब्द गिळले. ते घशाखाली जाईनात, म्हणून तिनं सगळं अंग पाइपवर टाकलं. पाय भिंतीला लावले, दातओठ खाल्ले आणि ओढलं. आतून दार मोडल्यासारखा कर्रकन आवाज आला. रणवीर म्हणाला, बोल्ट तुटला. बोल्ट तुटला नव्हता. वाटी फिरली होती. अर्धं बोटभर का होईना, फिरली होती. मग ती करकरत, कुरकुरत, तांबडी भुकटी गाळत फिरत राहिली आणि शेवटी ठणकन फरशीवर पडली. ऋजुता तिथंच बसली आणि तिला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते, नुसता राग होता, बाहेर पडायला जागा शोधत.

अम्मांनी वाटीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. राहुकाळ दुपारी आहे, तोवर काय तें उरका, असं म्हणून त्या आत गेल्या. राहुकाळ दुपारी आहे हे त्यांना सकाळपासून ठाऊक होतं.

रणवीर चहा सांगायला गेला तेव्हा ऋजुता हलक्या आवाजात म्हणाली, "अप्पा, उंदीर नव्हता."

"ठाऊक आहे," नागोजीराव म्हणाले. "सोप बघितलों तेव्हांच कळलं."

"मग बोलला का नाहीत? त्या तुम्हाला इतकं बोलतात."

"बोलूं दे." त्यांनी आसाला नवं ग्रीस लावायला घेतलं. "वर्षांतून एक दिवस ती माझ्या सायकलीस हात लावते. सांगितलों तर तेंही लावायची नाही. तीस सांगूं नको."

हे ऐकून ऋजुताला त्यांची दया यायला हवी होती. आला पुन्हा रागच. आजचा तांब्या आत गेला की नव्या वाट्यांचंही तेच होणार. पुढच्या वर्षी आणखी एक, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक, आणि वेलचेरीच्या पार्किंगमध्ये पुन्हा तिची बोटं सोलणार. सांगायचं नाही, ओतू द्यायचं, आणि गंजूही द्यायचं नाही. हा कसला हिशेब? ती चौकट हातात धरून उलटीसुलटी करत राहिली. मग उठली आणि रणवीरनं पडद्याच्या दांड्या लावायला घेतलेलं ड्रिल घेऊन आली. बीबीच्या नळकांड्याला अगदी बुडाशी, जिथं खाली वाकल्याशिवाय कुणाला दिसणार नाही, तिथं तिनं एक भोक पाडलं. वरून आलेलं पाणी खालून जाईल. नागोजीराव बघत होते. त्यांनी बोटानं त्या भोकाची कड चाचपली आणि काहीही न विचारता ग्रीसचा डबा पुढे केला.

नव्या वाट्या बसल्या, आस बसला, पेडलं चढली. नागोजीरावांनी उभ्या उभ्या पेडल हातानं फिरवलं आणि मागचं चाक सूंऽ करून फिरलं. रणवीरनं त्याचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवला. उत्तरात नुसता अंगठा आला. सायकल वेलचेरीला जाणार होती.

पाना, हातोडी, ड्रिल, सगळं पुसून देवापुढे गेलं. सायकल अंगणात उभी केली. सीट तशीही कोठीघरातल्या खुंटीवर होती, जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळलेली. अम्मांनी सायकलीला न्हाऊ घातलं, हँडलला झेंडूची माळ घातली, चाकांना गंध-कुंकू लावलं. मग नळीच्या उघड्या तोंडात चिमूटभर अक्षता टाकल्या आणि तांब्या उचलला. ऋजुता देव पाण्यात ठेवून उभी होती.

पाणी आत गेलं. क्षणभर काही झालं नाही. मग सायकलीच्या बुडाखाली थेंब पडला, दुसरा पडला, आणि धार लागली. अम्मांचा हात थांबला. त्या वाकल्या.

"हें काय?"

"भोक पाडलंय मी, अम्मा," ऋजुता पटकन म्हणाली. हे उत्तर तिनं ड्रिल चालवतानाच तयार केलं होतं. "वेलचेरीत पाऊस झाला की पार्किंगमध्ये पाणी भरतं ना. पुरासाठी."

अम्मा वाकलेल्याच होत्या. फरशीवर पाण्याचं थारोळं झालं होतं, त्यात सकाळी आत उरलेली तांबडी भुकटी उतरत होती आणि तिच्यात दोन-तीन अक्षता. त्यांनी एक दाणा उचलला. मग वर, नळीच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा खाली. ऋजुताला वाटलं, आता काहीतरी बोलावं, काहीही.

"वेलचेरीचं पाणी खालून येतं, ऋजुता," अम्मा सावकाश म्हणाल्या. "खालून येणाऱ्या पाण्यास कोणी खालीं भोक पाडतं-आ?"

रणवीरला काही कळलं नव्हतं. नागोजीराव झेंडूच्या माळेकडे बघत होते आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर होता.

अम्मांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं. तांब्या खाली ठेवला आणि त्या कोठीघरात गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात वेष्टीत गुंडाळलेली सीट होती. वेष्टी सोडून त्यांनी कठड्यावर टाकली. सोवळ्यात, ओल्या केसांनी, चामड्याची ती जुनी सीट त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि तिची दांडी नळीच्या तोंडात खाली दाबून बसवली. तोंड बंद झालं. पाना पूजेत होता, म्हणून आवळायचं उद्यावर राहिलं. मग त्यांनी गंधाची वाटी घेतली आणि चामड्यावर बोटभर गंध ओढलं.

"आतां पुन्हा न्हावं लागेल," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"तेल तुम्ही घालत होतां," त्या म्हणाल्या.

नागोजीरावांनी घसा साफ केला.

"दर आदितवारी," ते म्हणाले.